बेचाळीस व्हय म्हाराजा

मावशे, आज तुझं बारावं झालं. पंगत उठली, वडे संपले, काळ्या वाटाण्याचं सांबारं मात्र टोपभर उरलं. मस्कतहून आलेल्या तुझ्या लेकीने, रेखाताईने, शंभर माणसांचा अंदाज धरला आणि आली सत्तर. सगळे आता पडवीत आडवे झालेत आणि मी ऑफिसात येऊन बसलोय. तुझ्या खुर्चीत. 'ऊठ मेल्या' म्हणायला तू नाहीस, म्हणून ही हिंमत.

रडायला आलो नाही. रडून झालं ते त्याच दिवशी. मी भांडायला आलोय. आपलं भांडण अर्धं टाकून तू निघून गेलीस, आणि कुठली गोष्ट अर्धी टाकायची तुझी पद्धत नव्हती. आपली पैज लागली होती, ती मी हरलोय. हरणाऱ्याने कुठला शब्द म्हणायचा तेही तूच ठरवून ठेवलं होतंस. तो म्हणेन. पण त्याआधी मला माझी बाजू मांडू दे. जिवंतपणी कधी मांडू दिली नाहीस, मध्येच 'कळला, कळला' म्हणून तोडून टाकायचीस. आज ऐकावंच लागेल तुला.

गाव तुला हॅलोमावशी म्हणायचं. सुमन हे नाव फक्त रेशन कार्डावर. आचऱ्याच्या टेलिफोन ऑफिसात हाताने जोडायचा बोर्ड होता तेव्हा तू त्यावर बसायचीस. कानाला हेडफोन, समोर भोकंच भोकं, हातात दोऱ्या. कोणी फोन उचलला की बोर्डावरचं त्याचं झाकण पडायचं, तू 'हॅलो, कोण होया?' म्हणायचीस आणि दोरी नेमकी हव्या त्या भोकात. मी लहानपणी ऐकलेली तुझी सगळ्यात भारी गजाल ती डॉक्टरांची. कोणीतरी घाबऱ्या घाबऱ्या डॉक्टर मागितले, तर तू म्हणालीस, "डॉक्टर घराक नाय, मगाशी कट्ट्याक गेलेत. थांबा, कट्ट्याच्या दुकानात जोडतंय." आणि जोडून दिलंस. नंबर डॉक्टरांच्या घराचा मागितलेला, माणूस मिळाला कट्टा गावातल्या दुकानात. आजचा कुठला फोन करेल असं?

मी चौदा वर्षं पुण्यात कॉम्प्युटरच्या जाळ्यांचं काम केलं आणि एक दिवस सगळं गुंडाळून गावी आलो. सगळ्यांनी वेड्यात काढलं. तू म्हणालीस, "इलंस ता बरा केलंस. जेवन घे." बस. मग मी गावात फायबर ओढलं, घराघरात नेट दिलं. बेचाळीस डबे बसवले, प्रत्येक वाडीच्या तोंडाशी खांबावर एक. कंपनीवाले त्याला स्विच म्हणतात, तू डबा म्हणायचीस, मग मीही डबाच म्हणायला लागलो. आलेला निरोप कुठल्या वायरीने पुढे धाडायचा हे डबा ठरवतो. आणि प्रत्येक डब्याचं डोकं स्वतंत्र. म्हणजे मला एवढासा बदल करायचा तर बेचाळीस ठिकाणी बाईक, बेचाळीस ठिकाणी तेच तेच टाइप करणं, आणि सदतिसाव्या ठिकाणी एक अक्षर चुकलं की दोन दिवस शोधत बसा. माझा संताप संताप व्हायचा. घरी येऊन ताट आपटायचो, ते तुला चांगलं ठाऊक आहे.

म्हणून मी नवीन पद्धत आणली. डब्यांतली डोकी काढून घ्यायची आणि सगळ्यांचं मिळून एकच डोकं ऑफिसातल्या मशीनमध्ये ठेवायचं. विचार मशीनने करायचा, डब्यांनी सांगितलं तेवढं करायचं. तुझ्या खळ्यात बसून मी तुला हे मोठ्या ऐटीत समजावत होतो. "मावशे, ह्याला सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग म्हणतात."

"ह्या नाव घेवक लागलंय तर जेवान थंड जायत," तू म्हणालीस. मग आमसुलं निवडता निवडता तुझा हात थांबला. "थांब रे. सगळ्या गावाचो नकाशो एका ठिकाणी. कोणाक खंय जोडूचा ता एकानच ठरवचा. बाकीच्यांनी गप जोडूचा. म्हणजे रे माझो बोर्ड! मेल्या, चौदा वर्सां पुण्यात रवान तू माझोच बोर्ड घेवन इलंस?"

मला हे कळायला पुण्यात सहा महिने लागले होते. तुला सुपातली आमसुलं निवडून होण्याआधी कळलं. आणि लगेच नावही ठेवलंस. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकटा मानकरी बोलतो आणि बाकी सगळे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तू म्हणालीस, "तुझो मशीन गाऱ्हाणा घालतलो आणि हे बेचाळीस डबे नुसते व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा." हसता हसता तुझं सूप पालथं झालं. त्या दिवसापासून गावात माझ्या नेटला 'व्हय म्हाराजा नेट' म्हणायला लागले. पावतीवर दुसरंच नाव छापलंय, ते आता फक्त मलाच माहीत.

दुसऱ्या दिवसापासून तू रोज अकरा वाजता ऑफिसात हजर. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत माझा जेवणाचा डबा, चष्मा आणि एक शाळकरी वही. 'ड्यूटीर इलंय' म्हणायचीस. आणि खरं सांगतो, तुझ्यामुळे त्या कामात जी मजा आली ती पुण्याच्या काचेच्या इमारतीत चौदा वर्षांत एकदाही आली नव्हती.

चतुर्थीचे दिवस आठव. मुंबईकर उतरले, घराघरात दोनाचे बारा फोन झाले. जुन्या पद्धतीत त्या दहा दिवसांत माझे फोनवर शिव्या खाऊन कान किटायचे. त्या वर्षी तू मशीनच्या पडद्यासमोर बसलीस आणि मला हुकूम सोडत गेलीस. "सकाळी आरत्ये चलतत, तेवा वरच्या वाडीक जास्त दी. दुपारी सगळे जेवन निजतत, तेवा आरोग्य केंद्राक दी, थंय मोठ्या डॉक्टराक पडद्यार दाखवतत. सांजेक भजन आमच्या वाडीत." मी एकेक ओळ लिहायचो, एंटर मारायचो, आणि बेचाळीसच्या बेचाळीस डबे एका क्षणात कामाला. बाईक नाही, शिडी नाही. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी मोदक पाठवले होते, ते सगळे तू खाल्लेस. मला एक दिलास, तोही फुटका.

आणि वादळाचा दिवस. खाडीच्या पुलावरची मालवणची लाइन तुटली. मी डोक्याला हात लावून बसणार, तर पडद्यावरची लाल रेघ विझली आणि कट्ट्याकडची हिरवी जाड झाली. मशीनने आपलं आपण सगळं कसालहून कट्ट्यामार्गे येणाऱ्या लाइनवर वळवलं होतं. गावात कोणाला पत्ताही लागला नाही. तू टाळ्या वाजवल्यास. "बघ, डॉक्टर घराक नसले म्हणान कट्ट्याक जोडल्यान!" पडद्याला तू पहिल्यांदा आपलं माणूस मानलंस ते त्या दिवशी. जाताना त्याच्यावरची धूळ पदराने पुसलीस.

हे सगळं खरं. पण तू नुसती टाळ्या वाजवणारी असतीस तर मी आज इथे भांडायला कशाला बसलो असतो?

पहिली ठिणगी पासवर्डवरून. महिनाभरातच तू चष्मा नाकावर ओढून म्हणालीस, "तुझ्या मशीनीचो पासवर्ड मी सांगू? आचरा एक दोन तीन." मी गार. "सगळा गाव एका कुलपात घातलंस आणि किल्ली उंबऱ्यार ठेवलंस? कोणय येयत, एक वाक्य बोलात आणि बेचाळीस डबे तेका व्हय म्हाराजा करतीत. तेंका काय कळता, बोलता तो मानकरी की चोर?" तुझं म्हणणं सोळा आणे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मी चिडलो. पासवर्ड बदलला, कुलपावर आणखी दोन कुलपं चढवली, पण तुला म्हटलं की आधीपासूनच बदलणार होतो.

मग तू कानांचा विषय काढलास. बोर्डावर बसून तू गावाच्या भानगडी ऐकल्यास. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचा लेक मुंबईत कुठे राहतो. एकही शब्द बाहेर गेला नाही. "एका माणसाक सगळा दिसणा बरा न्हय रे. माका दिसता होता म्हणान सांगतंय. बोर्डार बसणाऱ्यान कानाक कुलूप घालूक व्हया." मी म्हटलं, अगो मी कोणाचं बोलणं ऐकत नाही, फक्त किती जातं-येतं ते बघतो. तू म्हणालीस, "आज तू बसलंस. उद्या कोण बसतलो?" 

आणि मग आली गावपळण.

देवाचा कौल झाला. तीन दिवस गाव रिकामं करायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी वेशीबाहेर माळावर झोपड्या घालून राहायचं आणि आत कोणी पाऊल टाकायचं नाही. मला तर उधाण आलं. वेशीवर तीन ठिकाणी तात्पुरते खांब उभे केले, आणि निघायच्या दिवशी ऑफिसात बसून एका एंटरमध्ये गावातलं सगळं नेट झोपड्यांकडे वळवलं. गाव हललं, त्याच्यामागोमाग नेटही हललं! जुन्या पद्धतीत हे करायला मला आठवडा लागला असता. छाती पुढे काढून मी शटर ओढलं, कुलूप घातलं आणि सगळ्यांबरोबर माळावर आलो.

डोकं आत ठेवून.

अशी चूक जगात दुसऱ्या कुठल्या इंजिनियरने केली असेल असं वाटत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या इंजिनियरच्या गावाला कुलूप लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेली. इन्व्हर्टर संपला, मशीन बंद. तासाभराने लाइट आली, खांबावरचे डबे जागे झाले, पण मशीनचं बटण दाबायला गावात माणूस कुठे होता? डब्यांना दिलेल्या सूचनांना मी मुदत घालून ठेवली होती. मुदत संपली की डोक्याला पुन्हा विचारायचं, आता काय करू? डबे विचारत राहिले, उत्तर देणारं कोणी नाही. दुपारपर्यंत एकेक झोपडी मुकी झाली.

आवशीक खाव, काय तो गोंधळ! घरून काम करणारे मुंबईकर लॅपटॉप उंच धरून माळभर फिरत होते. मी म्हटलं, पाच मिनिटं आत जाऊन येतो, फक्त बटण दाबतो, देवाला काय कळणार? देवळाचे मानकरी गावकर तात्या नुसती नकाराची मान हलवत राहिले. तू मात्र उठलीस. "वेशीच्या आत पाय टाकून बग. तंगडी मोडून हातात दितलंय. तीन दिस गाव देवाच्या हवाली. तुझ्या डब्यांका पण सुटी आसांदे."

आणि मग तू जे केलंस त्याची आठवण आली की मला आजही हसू आवरत नाही. माळाच्या मध्यावर चटई टाकून बसलीस, वही मांडीवर, आणि ओरडलीस, "हॅलो! कोणाक कोण होया?" झोपडीझोपडीतून हाका. वरच्या वाडीला खोबरं हवंय, खालच्या वाडीत पत्त्यांना चौथा गडी हवाय. तू इकडचं तिकडे जोडत गेलीस, अंतर असेल तिथे मध्ये कोणाला तरी उभं करून. तात्यांना खोकला झाला तर म्हणालीस, डॉक्टर राहुटीत नाहीत, खाडीवर गळ टाकून बसलेत, थंय जोडतंय. सगळा माळ हसून हसून लोळत होता. एवढी मजा गावाने कित्येक वर्षांत केली नव्हती. मी एकटाच आंबट तोंड करून बसलेला.

संध्याकाळी तू माझ्याजवळ येऊन बसलीस. चेष्टा नाही, टोमणा नाही. म्हणालीस, "सुर्या, तू बैलगाडयेत झालंस, ता तुका ठावक आसा?"

ठाऊक कसं नसेल. घरातला तो जुना विनोद. सुर्याला घाई होती, दवाखाना गाठेपर्यंत थांबला नाही.

"घाई तुका नव्हती. तुझ्या बापाशीन दुकानातसून फोन फिरवल्यान, कट्ट्याची टॅक्सी बोलवूक. बोर्डार कोण नव्हता. मी भायेर होतंय. बांगडेवाली इल्ली, बांगडे फडफडीत दिसले, मी पाच मिन्टां उठलंय. पाच मिन्टां, सुर्या. झाकण पडला आसात, वाजला आसात, आणि माझी सख्खी भयण थंय कळा देता आणि मी हंय बांगड्यांचो भाव करतंय. शेवटी बैलगाडी काढल्यांनी. तुझी आवस त्या दिवशी जाता जाता रवली."

माझ्या आईने हे कधीच सांगितलं नव्हतं. तुला तिने एका शब्दानेही कधी विचारलं नव्हतं, असं तू म्हणालीस, आणि तेच तुला जास्त लागलं होतं.

"म्हणान सांगतंय. बोर्ड वायट न्हय, बोर्ड बरो. पण डोका आसताना सगळेच चलतत रे. नसताना चलूक व्हये. तुझ्या डब्यांका थोडी अक्कल परत दी. शेवटचो शब्द तेंनी इसरूचो नाय. आणि कोणच बोलणा नाय तर शेजारच्या डब्याक इचारून वाट काढूची."

इथे माझी बाजू ऐक. मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो. डब्यांत पुन्हा अक्कल घालायची तर ती काढली कशाला होती? दोन्हीकडे डोकं म्हणजे दुप्पट दुखणं. मशीन सांगणार पूर्वेला, डबा आपल्या मनाने पश्चिमेला, आणि निस्तरायला मी. तुला वाटतं मी आळसाने म्हणत होतो? थोडं आळसाने म्हणत होतो. पण मुद्दा खोटा नव्हता. चार महिने आपण ह्यावर भांडलो. दुसरं मशीन तुझ्या घरी ठेवतो म्हटलं, तर म्हणालीस, दोन डोकी झाली की एकमेकांशी बोलणं तुटल्यावर दोघंही स्वतःला मानकरी समजतील. कुठून सुचायचं गो तुला? हा प्रश्न आमच्या धंद्यातल्या भल्याभल्यांना घाम फोडतो.

शेवटी तुझं तोंड बंद करावं म्हणून मी उन्हाळ्यात ते काम काढलं. एकेक खांब, एकेक डबा. तू खाली छत्री घेऊन उभी, वहीत बरोबरची खूण करायला. वर चढून मी तुला शिव्या घालत होतो, खालून तू मला सोलकढी पाजत होतीस. बेचाळिसावा डबा तुझ्याच घराच्या कोपऱ्यावरचा. तो झाल्यावर तू पैज लावलीस.

"आता एक दिस मशीन बंद कर. कोणाक सांगू नको. गाव चललो तर माझ्या समोर हात जोडून म्हणाचा, व्हय म्हाराजा. जल्मात तू माका एकदा व्हय म्हणूक नाय."

"आणि गाव बंद पडलो तर?"

"तर मी म्हणतलंय. सत्याहत्तर वर्सांत कोणाक म्हणूक नाय, तुका म्हणतलंय."

मी भ्यायलो, मावशे. आज कबूल करतो. आरोग्य केंद्र आहे, शाळा आहे, घरून काम करणारी चाळीस माणसं आहेत. पुन्हा एकदा गाव मुकं झालं असतं तर व्हय म्हाराजा नेट लोकांनी काढून फेकलं असतं, आणि मला पुन्हा पुण्याची बस. तू दर सोमवारी विचारायचीस, मी म्हणायचो, पुढच्या सोमवारी. तू म्हणालीस, "तुझो सोमवार मी मसणात गेल्यारच येतलो." मी हसलो होतो.

सोमवार नाही आला. मंगळवार आला.

सकाळी मी मशीनवर नवीन सॉफ्टवेअर चढवायला घेतलं होतं. मशीन बंद केलं, पुन्हा चालू करणार एवढ्यात तुझ्या शेजारच्या काकूंचा फोन. "सुर्या, हॅलोमावशी उठणा नाय रे." शटर ओढून धावलो. तू पडवीतल्या खुर्चीत बसली होतीस, साडी नेसून, वेणी घालून, पिशवी मांडीवर. ड्यूटीवर निघालेली. पिशवीतल्या डब्यात माझ्यासाठी बांगड्याचं तिखलं होतं. ते नंतर तुझ्या मांजराने खाल्लं. निदान कोणीतरी त्या दिवशी पोटभर जेवलं.

मग पुढचं सगळं. मुंबईला कळवणं, मस्कतला कळवणं. रेखाताईला विमान मिळेना. कोणीतरी तुझ्या उशाशी फोन उभा करून ठेवला, आणि ती तिकडून दुपारभर तुझ्याशी बोलत राहिली. रडली, गायली, तुझी हिरवी साडी कोणाला दिलीस म्हणून भांडलीसुद्धा. "आये, माका इचारूक तरी व्हया होता!" जमलेल्या बायका रडता रडता हसायला लागल्या. तुला खांद्यावर घेतलं तेव्हा फोन तात्यांनी हातात धरला होता, आणि लेकीने तुला थेट शेवटपर्यंत पोचवलं. चित्र एकदाही अडकलं नाही. आवाज एकदाही तुटला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिस उघडलं. पडदा काळा. मला आधी उमगलंच नाही. मग बटणाकडे बघितलं. मशीन आदल्या दिवसापासून बंदच होतं. सव्वीस तास गावाला डोकं नव्हतं, आणि गावात एकाही माणसाला ते कळलं नव्हतं, मलासुद्धा. मशीन चालू केलं. एकेक डबा पडद्यावर उगवत गेला, हजर, हजर, हजर. मोजत गेलो. बेचाळीस. मी ह्याच खुर्चीला टेकून जमिनीवर बसलो आणि एवढा मोठ्याने हसलो की बाजूचा सायकलवाला धावत आला. त्याला वाटलं, दुःखाने फिरला. थोडा फिरलोच होतो.

तर मावशे, माझी बाजू मांडून झाली. सतरा नंबरचा डबा गेल्या महिन्यात स्वतःच्या अकलेने वागून अख्ख्या वाडीचं नेट वाकड्या वाटेने फिरवत होता, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. दुप्पट दुखणं म्हटलं होतं ना मी? ते आहेच. ते निस्तरायला मी आहे. आणि माझ्यानंतर बोर्डावर कोण बसणार, त्याने कानाला कुलूप घालावं हे त्याला कोण शिकवणार, हा तुझा प्रश्न अजून तसाच आहे. तो काही मी तुझ्याबरोबर जाळलेला नाही.

मघाशी मी इकडे यायला निघालो तेव्हा रेखाताईने तुझी पिशवी माझ्या हातात दिली. "ह्या तुझा," म्हणाली. आत चष्मा होता आणि वही. मी वही उघडली. बेचाळीस ओळी, प्रत्येकीपुढे तुझी ती जाडजूड बरोबरची खूण. शेवटच्या पानावर तुझ्या अक्षरात फक्त एवढंच:

'बेचाळीसपैकी बेचाळीस. सुर्या, आता म्हण.'

खाली तारीख. बेचाळिसावा डबा झाला त्याच दिवसाची. म्हणजे गो बाये, मी मशीन बंद करायच्या किती आधी! मला भरवसा नव्हता तेव्हा तुला होता. माझ्यावर होता.

आता ऐक. ऑफिसात मी एकटा आहे. तुझ्या खुर्चीतून उठलोय. वही टेबलावर उघडी ठेवलीय आणि तिच्यासमोर उभा राहून हात जोडलेत. चव्वेचाळीस वर्षांत तुला एकदाही म्हटलं नाही ते म्हणतो.

व्हय, मावशे. व्हय म्हाराजा.